घराचं डिपॉझिट अडकलंय : भुसावळच्या ताईंना आणि त्यांच्या धुळ्याच्या वडिलांना उत्तर

ताई, दोन्ही प्रश्न वाचले. एकाच कुटुंबात बाप एका घराचा मालक आणि लेक दुसऱ्या घरात भाडेकरू, आणि दोघंही डिपॉझिटपायी वैतागलेले, त्यामुळे जरा हसू आलं, राग मानू नका.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई नोकरीसाठी भुसावळला पावणेतीन वर्षं भाड्याने राहिल्या, भाडं ७,५००, डिपॉझिट ३०,०००. त्यातले १०,००० रोख दिले आणि २०,००० मालकांच्या मुलाला यूपीआयने. सुरुवातीला अकरा महिन्यांचा नोटरी केलेला कागद झाला, पुढे रिन्यू कोणीच केला नाही. मागच्या महिन्यात घर सोडलं, चाव्या दिल्या, दोन दिवसांनी खात्यात ११,००० आले आणि व्हॉट्सॲपवर यादी आली : रंग १४,०००, कूलरने भिंत खराब झाली ३,५००, साफसफाई १,५००. आणि तिकडे वडिलांचं धुळ्याला देवपुरात घर आहे, भाडं ६,०००, डिपॉझिट १२,०००, रजिस्टर केलेला करार संपून दोन महिने झाले, भाडेकरू हलत नाही आणि भाडंही देत नाही, म्हणतो डिपॉझिटमधून कापून घ्या काका.

मी जळगावात अठरा वर्षं भाडेकरार करून देण्याचं काम करतोय. करार करताना सगळे हसत असतात, पेढे पण देतात काही जण, आणि घर सोडताना तीच माणसं माझ्या टेबलासमोर एकमेकांकडे बघत पण नाहीत. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये की डिपॉझिट बहुतेक वेळा रंगापायी किंवा नळापायी अडकत नाही, मालकाजवळ त्या दिवशी पैसेच नसतात म्हणून अडकतं. तीस हजार आले की ते घरात जिरतात, कुणाच्या पोरीची फी, कुणाचं बियाणं-खत, कुणाची मोटारसायकल. मग भाडेकरू घर सोडतो म्हटलं की मालक नवीन भाडेकरूच्या डिपॉझिटची वाट बघतो, आणि तो यायला वेळ लागला की भिंतीवरचे डाग दिसायला लागतात. पावणेतीन वर्षं भाडं घ्यायला दारात येणाऱ्या माणसाला जो डाग दिसला नाही तो नेमका चाव्या दिल्यावर कसा दिसतो? काही जण निदान सरळ सांगतात, "भाऊ, आते पैसा नही शेतस, पुढला महिनाम्हा देस." असं बोलणारा मालक मला जास्त बरा वाटतो, त्याच्याकडून तारीख लिहून घेता येते. यादी काढणारा अवघड.

आधी तुमचं बघू. तुम्ही लिहिलंय की करार रजिस्टर नाही म्हणजे माझ्या हातात काहीच नाही. उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आणि त्याहून कामाचं म्हणजे, रजिस्टर करार नसला तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरतात, उलटं सिद्ध होत नाही तोवर. म्हणजे "रंगाचे पैसे कापायचे असं ठरलंच नव्हतं" हे तुमचं म्हणणं, आणि ते खोटं ठरवायचं ओझं त्यांच्यावर. लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि त्याला रजिस्टर म्हणतात, ते रजिस्टर नाही हो.

दुसरं, तुम्हाला रोख दिलेल्या दहा हजारांची काळजी आहे, पावती नाही म्हणून. ती यादी परत एकदा बघा. ११,००० दिले आणि १९,००० कशाकशात कापले ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं. ११ आणि १९ किती झाले? तुमचे पूर्ण तीस हजार त्यांनी स्वतःच कबूल केलेत. तो मेसेज डिलीट व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा, चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा आणि तो मोबाईल सध्या विकू-बिकू नका.

आता रंगाचे १४,०००. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्ये, कलम १०८ मध्ये, भाडेकरूने जागा जशी घेतली तशी परत द्यायची, पण वाजवी वापराने होणारी झीज सोडून, असं आहे. तुमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायचा नुसता परवाना देणारा, असला तरी बोलणी करताना माप हेच धरतात. पावणेतीन वर्षांत डिस्टेंपर फिका पडणार, स्विचबोर्डभोवती हाताचे डाग पडणार, फोडणीच्या धुराने ओट्यावरची भिंत पिवळी होणार, ही झीज झाली. दाराला लाथ मारून फळी तोडली, बेसिन फुटलं, भिंतीला ड्रिल मारून पाच-सहा भोकं पाडली, पोराने खडूने अख्खी भिंत रंगवली, हे नुकसान. झिजेचे पैसे मालकाचे, नुकसानीचे भाडेकरूचे. माझ्याकडे वाद आला की मी एकच हिशोब मांडतो : रंग साधारण चार वर्षं टिकतो असं धरा, तुम्ही येताना तो ताजा होता का? असला तर पावणेतीन वर्षं वापरून झाला, उरलेल्या सव्वा वर्षावर फार तर बोलणी करा आणि ती पण फक्त खराब झालेल्या भिंतीपुरती. येताना रंग ताजा नव्हताच तर बोलणीच नाही. हा काही कायद्यातला फॉर्म्युला नाही, पण समोरासमोर बसले की दोघांनाही पटतो.

कूलरचं मात्र मी जरा सविस्तर लिहितो कारण खान्देशात डिपॉझिटची निम्मी भांडणं कूलरवरून होतात असं मला वाटायला लागलंय. पुण्या-मुंबईवाल्यांना हे कळणारच नाही. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरशिवाय माणूस राहूच शकत नाही, मग खिडकीला लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, वाळ्याच्या ताट्या, आणि आपलं पाणी जड, त्यामुळे खिडकीच्या खाली पांढरे ओघळ आणि स्टँडचा तांबडा गंज. हे कूलरने होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण कूलरचा डाग कुठे असतो? खिडकीच्या चौकटीखाली, वरून खाली ओघळलेला. दोन वर्षांमागे असंच एक प्रकरण, मालक दादा आणि भाडेकरू दोघंही मला घर बघायला घेऊन गेले. बेडरूमच्या भिंतीचे पोपडे निघालेले, दादा म्हणे कूलर, भाडेकरू म्हणे टाकी. मी किल्लीने पोपडा खरवडला तर आत प्लॅस्टर भुसभुशीत, लोणा म्हणजे ओलीचा खार धरलेला, आणि डाग खिडकीखाली नाहीच, छताच्या कोपऱ्यातून सुरू होऊन खिडकीच्या बाजूने खाली आलेला. वर गच्चीवर गेलो तर त्याच कोपऱ्यावर सिंटेक्सची टाकी, ओव्हरफ्लोचा पाईप तुटलेला, पाणी रोज गच्चीच्या कठड्याच्या मुळाशी. कूलर काही छतातून पाणी पाडत नाही. दादा दोन मिनिटं गप्प उभे राहिले, मग म्हणाले प्लंबरला बोलवायचंच होतं. शेवटी भाडेकरूने फक्त खिडकीखालच्या पट्ट्याचे ८०० रुपये दिले आणि विषय संपला. तर ताई, तुमच्या घराचे फोटो असतील तर बघा डाग कुठून सुरू होतो. राहायला आल्यावर वास्तुशांतीचे, पोराच्या वाढदिवसाचे असे काही फोटो काढले असतील ना, त्यात मागे भिंत दिसते, मी असल्या फोटोंवर दोन भांडणं मिटवलीयेत.

साफसफाईचे १,५०० वगैरे सोडा. झाडून-पुसून दिलं असेल तर ते नाहीत, नसेल दिलं तर बाईला एक दिवस लावायचे जे होतील ते.

मागायचं कसं तर फोनवर भांडू नका. आधी एक साधं पत्र, मराठीतच, वकिलाच्या भाषेची गरज नाही : अमुक तारखेला इतके दिले, अमुक तारखेला चाव्या दिल्या, तुम्ही इतके परत केले, तुमच्या यादीतली ही कपात मला मान्य नाही कारण हे, बिलं असतील तर दाखवा, पंधरा दिवसांत उरलेले या खात्यात टाका. स्पीड पोस्टाने पाठवा आणि ट्रॅकिंगचा रिपोर्ट जपून ठेवा, जुनी रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. तेच पत्र व्हॉट्सॲपवर पण टाका. जे कबूल करण्यासारखं आहे ते पत्रात कबूल करा, म्हणजे खिडकीखालच्या पट्ट्याचे हजार-बाराशे मी देते असं. त्याने तुमचं बाकीचं म्हणणं खरं वाटतं, आणि मालकालाही मागे यायला जागा राहते. निम्म्याहून जास्त प्रकरणं माझ्या बघण्यात इथेच संपतात, कारण मालकाला भीती १९,००० ची नसते, करार रजिस्टर केला नाही हे कागदावर येण्याची असते. ती भीती दाखवत बसू नका, फक्त पत्रात "नोंदणी न झालेला करार" एवढे चार शब्द लिहा, पुरे.

पत्राने नाही झालं तर लगेच कोर्टात केस टाकायची घाई नको. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. तिथे दावा दाखल करायच्या आधीच, दाखलपूर्व म्हणतात त्याला, अर्ज देता येतो, फी नाही, समोरच्याला नोटीस जाते, दोघांना बसवतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नाही. महिलांना तिथे वकीलही मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तेही नाही झालं तर दिवाणी दावा, मुदत तीन वर्षांची, पण १९,००० साठी दावा चालवणं म्हणजे वेळ किती जाईल ते धरूनच ठरवा. पोलीस स्टेशनला गेलात तर ते दिवाणी मॅटर म्हणून परत पाठवणार, आणि त्यांचं चूक नाही.

आता काकांचं, म्हणजे तुमच्या वडिलांचं. "डिपॉझिटमधून कापून घ्या" ही मालकासाठी सगळ्यात महागडी सवलत आहे. १२,००० म्हणजे दोन महिने, ते दोन महिने आजच संपलेत, आता त्या घरात भाडेकरू फुकट बसलाय आणि लाईट बिल, मोडतोड कशालाच हातात काही नाही. डिपॉझिट हे शेवटच्या दिवशीच्या हिशोबासाठी असतं, शेवटच्या महिन्यांच्या भाड्यासाठी नाही, हे करारातच लिहिलेलं पाहिजे. पण काकांनी एक शहाणपणाचं काम केलं की करार रजिस्टर केला. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि जितके दिवस जास्त बसला तितक्या दिवसांची भरपाई भाड्याच्या दुप्पट दराने मागता येते. म्हणजे ६,००० चे १२,०००. भाडेकरूला हे एकदा लिहून कळवा, आवाज न चढवता. आवाज चढवण्यापेक्षा दुप्पट हा शब्द जास्त काम करतो.

आणि काका, नळ बंद करणं, मेन स्विच पाडणं, बाहेरून कुलूप घालणं, यातलं काहीच करू नका. कलम २९ प्रमाणे पाणी-वीज तोडता येत नाही, आणि एकदा का ते केलं की जो माणूस आजवर चुकीचा होता तो बिचारा होतो आणि तुम्ही गुन्हेगार. मागे एका मालकाने भाडेकरूच्या सामानावरच कुलूप लावलं, बारा हजारासाठी सहा महिने पोलीस स्टेशनच्या चकरा मारल्या.

महावितरणचं बिल मात्र आजच तपासा, ग्राहक क्रमांक टाकला की मोबाईलवर थकबाकी दिसते. मीटर मालकाच्या नावावर, थकबाकी पण मालकाच्या गळ्यात. घर सोडायच्या दिवशी दोघांनी मिळून मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा. शेवटचं बिल नंतर येतं म्हणून अंदाजे हजार-पंधराशे राखून बाकी लगेच परत करायचे, बिल आलं की उरलेले. त्यासाठी अख्खं डिपॉझिट महिनाभर दाबून ठेवायचं कारण नाही.

दोघंही पुढच्या वेळी नवीन करार करणारच आहात, तर चार गोष्टी सांगतो. लोक डिपॉझिट करारात कमी दाखवतात, स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणून. किती वाचते ते ऐका. लिव्ह अँड लायसन्सवर ड्युटी ०.२५ टक्के, आणि ती मुदतीच्या एकूण भाड्यावर अधिक परत करायच्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के व्याजावर. म्हणजे वीस हजार डिपॉझिट लपवलं तर अकरा महिन्यांचं धरलेलं व्याज १,८३३, त्याचे पाव टक्का झाले साडेचार रुपये. साडेचार रुपये वाचवायला वीस हजार कागदाबाहेर ठेवायचे! चहा पण येत नाही त्यात. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००, आणि आता सब-रजिस्ट्रारकडे जायला पण नको, आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर घरबसल्या होतं.

डिपॉझिट ज्याच्या नावाने करार आहे त्याच्याच खात्यावर द्यायचं, मुलाच्या, सुनेच्या, एजंटच्या नाही, आणि नोटमध्ये "घर डिपॉझिट" लिहायचं. कॉलेजच्या बाजूला, बांभोरीकडे वगैरे, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहणारी पोरं दोन-तीन हजार रोख देऊन मोकळी होतात, पावती नाही, करार नाही, जूनमध्ये मालक म्हणतो कोण तू? त्यांनी निदान यूपीआयने द्यावं, एवढं एक केलं तरी पुष्कळ.

रिन्यू करताना जुन्या डिपॉझिटचा उल्लेख करा. ही चूक माझ्याच हातून झालीये. नवीन करारात डिपॉझिटचा रकाना मी मोकळा सोडला, कारण नवीन काही दिलं नव्हतं. पुढे मालक वारले आणि मुलगा म्हणाला कागदावर तर काहीच नाही. त्या भाडेकरू मावशींचे पैसे जुना करार शोधून मिळाले, पण चार महिने मी त्यांना तोंड दाखवत नव्हतो. तेव्हापासून "दिनांक अमुकच्या करारान्वये स्वीकारलेले रुपये अमुक याच करारात पुढे चालू" ही ओळ मी न विसरता टाकतो. घर विकलं जात असेल तेव्हाही तसंच, जुना मालक, नवा मालक आणि तुम्ही, तिघांच्या सह्यांचं पत्र घ्या की डिपॉझिट आता कोण परत करणार.

किती डिपॉझिट घ्यावं हे पण विचारलंय. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो आणि त्यात डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. माझ्या मते काकांनी तीन महिन्यांचं घ्यावं आणि बँकेत वेगळी एफडी करून ठेवावी, व्याज त्यांना, मुद्दल भाडेकरूचं. भाडं नाही, फक्त तीन-चार लाख हेवी डिपॉझिट द्या असं कोणी ताईंना म्हणालं तर आधी सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा, घरावर बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, आहे का बघा. बोजा असेल तर मी तरी स्वतःचे पैसे घालणार नाही.

करारात टाकायचं कलम मी असं लिहितो, वाटलं तर उचला : "जागेचा ताबा व चाव्या परत दिल्याच्या दिवशीच, त्याच वेळी, मालक अनामत रक्कम परवानाधारकाच्या खात्यावर परत करील. कपात केवळ थकीत भाडे, वीज-पाणी बिल व दोघांनी सही केलेल्या यादीप्रमाणे झालेले नुकसान यापुरतीच राहील. वाजवी वापराने झालेली झीज व रंग यासाठी कपात होणार नाही. अनामत रक्कम भाड्यात वळती करता येणार नाही." यादी म्हणजे पंखे, नळ, गिझर, चाव्या किती, आणि प्रत्येक भिंतीचा फोटो, राहायला आल्याच्या दिवशीचा, दोघांच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेला. सोडायची नोटीस एक महिना आधी लेखी द्या म्हणजे मालकालाही पैशाची सोय करायला वेळ मिळतो, वर म्हटलं ना, खरं दुखणं तेच असतं.

ताई, पत्राचा मसुदा झाला की मालकांचं नाव-पत्ता झाकून इथेच टाका, मी बघून देतो. आणि काकांना विचारा, करारात "अनामत भाड्यात वळती करता येणार नाही" असं काही वाक्य आहे का, बहुतेक पान तीनवर असेल.